किटलीला नऊ मतं

२९ नोव्हेंबर

हे रजिस्टर वसतिगृहाच्या मेसमधलं. अर्धं भरलेलं, मागची पानं कोरी. वॉर्डनबाईंना विचारून घरी आणलं. शाळेत असताना मी रोज काही ना काही लिहायचे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यात लिहावं असं कधी वाटलं नाही. आज वाटतंय.

दुपारी शेवटच्या चपात्या तव्यावर होत्या आणि गेणूतात्या दारात येऊन उभा राहिला. तो आमच्या संस्थेच्या यशराज नरसाळेसाहेबांचा माणूस, त्यांची सगळी कामं तोच बघतो. म्हणाला, "सारजाबाई, हात धुवा. सायबांनी बोलावलंय."

मला वाटलं, काम गेलं. परवाच मुलांनी आमटी पातळ असते म्हणून तक्रार केली होती. ऑफिसात गेले तर यशराजसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. माझ्यासाठी आजवर कोणी खुर्चीतून उठल्याचं मला आठवत नाही.

म्हणाले, "यंदा सरपंचपद महिलेसाठी राखीव आहे. तुम्ही उभं राहावं असं आमच्या मनात आहे."

"साहेब, मी चपात्या लाटते."

"तीनशे मुलांचं जेवण सांभाळता. गाव म्हणजे काय, एकवीसशे माणसं. गावाला साध्या घरातली बाई पाहिजे."

घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. बोरजाईवाडीत आधी साहेबांचे वडील सरपंच होते, मग चुलते, मग चुलतभाऊ. शाळा त्यांची, दूध घालायचं त्यांच्या डेअरीत, पैसे ठेवायचे त्यांच्या पतसंस्थेत, आणि निरवांगीच्या रस्त्याला खडी क्रशर तोही त्यांचाच. त्या घरानं आपण होऊन खुर्ची दुसऱ्याला द्यावी, तीही मला. माणसं आपण समजतो त्यापेक्षा मोठी असतात.

एकच गोष्ट जरा खटकली. वरच्या वस्तीवरची सारजा पण उभी राहणार आहे. तिचं आडनावही खरातच. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात नांदायला आलो. तेव्हापासून तिची पत्रं माझ्याकडं, माझी तिच्याकडं. ती क्रशरच्या विरोधात अर्ज लिहीत हिंडते. माझ्यापेक्षा बोलण्यात हुशार आहे, हे मला पहिल्यापासून आवडत नाही.

३० नोव्हेंबर

इंदापूरला जाऊन अर्ज भरला. सगळं गेणूतात्यानं लिहिलं, मी सह्या केल्या. वाचू का म्हटलं तर म्हणाला, "येळ न्हाय, रांग वाढती." माझं नाव मात्र त्यानं तीनदा तपासलं. सारजा भीमराव खरात. काना-मात्रा सुद्धा बोट ठेवून पाहिली. एवढ्या आस्थेनं माझं नाव कोणी लिहिलं नव्हतं.

२ डिसेंबर

साहेबांच्या गाडीतून बारामतीला गेले. पुढच्या सीटवर बसले. गेणूतात्यानं दोन साड्या घेऊन दिल्या आणि फोटो काढला. फोटोवाला म्हणाला, "मावशी, जरा हसा." मी हसले, पण फोटोत तोंड शिवल्यासारखंच आलंय.

परत येताना कळलं की साहेबांच्या मिसेस श्रेयावहिनींनीही सरपंचपदाचा अर्ज भरलाय. मी गेणूतात्याला विचारलं. तो म्हणाला, "डमी अर्ज हाय त्यो. तुमचा छाननीत बाद झालाच तर एक असावा म्हणून. माघारीच्या दिवशी काढून घेतील."

"डमी म्हणजे?"

"म्हणजे नावाला उभा. निवडून यायला न्हाय."

मला श्रेयावहिनींचं वाईट वाटलं. एवढ्या शिकलेल्या बाईनं माझ्यासाठी नावाला उभं राहायचं.

४ डिसेंबर

आमचे हे माझ्याशी चार दिवस झाले धड बोलत नाहीत. जेवताना ताटाकडं बघतात. क्रशरवर डंपर चालवतात ते, इतकी वर्षं रोजंदारीवर होते. नेमकं याच आठवड्यात साहेबांनी त्यांना पर्मनंट करतो म्हणून सांगितलं. घरात दोन-दोन चांगल्या गोष्टी आल्या आणि यांचं तोंड उतरलेलं. बायको पुढं गेलेली पुरुषांना सोसत नाही, दुसरं काय.

मी कामांची यादी केली. एक नंबरला क्रशरची भुकटी. आमच्या आळीत सकाळी वाळत घातलेले कपडे दुपारी राखाडी होतात. निदान तिथं दिवसातून दोनदा पाणी मारलं पाहिजे. यादी साहेबांना दाखवली. ते हसले, म्हणाले, "लिहून ठेवा."

७ डिसेंबर

माघारीचा दिवस. तीन वाजून गेले. श्रेयावहिनींनी अर्ज काढला नाही. विसरल्या असतील म्हणून गेणूतात्याला सहा फोन केले, त्यानं एकही उचलला नाही.

चिन्हं मिळाली. श्रेयावहिनींना कपाट, वरच्या सारजाला कपबशी, मला किटली. कपबशी ती अर्ज भरल्यापासून मागत होती. माझ्या अर्जात किटली कोणी लिहिली ते मला ठाऊक नाही. पण चिन्ह छान आहे, मेसमध्ये रोज तीच हातात असते.

९ डिसेंबर

आजचं लिहायला हात उचलत नाही. तरी लिहिते.

फरजाना आली होती. स्टँडसमोर तिचं शिलाईचं दुकान आहे, माझे ब्लाउज वीस वर्षं तीच शिवते. म्हणाली, "सारजे, दुकानाची पाटी करायला बारामतीला गेलते. बॅनरवाल्याकडं श्रेयावहिनीचे चाळीस बॅनर तयार हायेत. तुझा एक बी न्हाय."

"माझे मागनं करतील."

"मतदान नऊ दिवसांवर आलंय. मागनं म्हंजी कधी?"

तिनं पर्समधून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि आमच्या फरशीवर तीन नावं एकाखाली एक लिहिली, मशीनवर असतील तशी. खरात सारजा भगवान, कपबशी. खरात सारजा भीमराव, किटली. नरसाळे श्रेया यशराज, कपाट.

"आता तू म्हातारी प्रयागबाई हायस असं समज. वाचता येत न्हाय, नदर कमी. लेकानं सांगितलंय, सारजाला मत दे. मशिनीम्होरं उभी राहिलीस. दोन सारजा. एक चहाचा कप, एक चहाची किटली. कुठलं बटण दाबशील?"

माझं बोट आधी किटलीवर गेलं, मग कपबशीवर.

"चाळीस-पन्नास माणसं जरी अशी चुकली तरी वरची सारजा पडती. तेवढ्यासाठी उभं केलंय तुला. त्यांना तुझं नाव पायजे व्हतं, तू न्हाय. मागल्या येळंला गेणूतात्यालाबी असंच उभं केलतं, दुसऱ्या गेणूच्या विरोधात. इसरलीस?"

विसरले नव्हते. मला ते माझ्या बाबतीत सुचलं नव्हतं, एवढंच.

तशीच उठून साहेबांकडं गेले. या वेळी ते खुर्चीत बसूनच होते. म्हणाले, "सारजाबाई, तुम्ही घरी बसा. फिरू नका, कोणाशी बोलू नका. निकालानंतर तुमचं काय ते बघू."

संध्याकाळी यांना विचारलं. हे ताटाकडं बघत म्हणाले, "मला म्हाईत व्हतं. पर्मनंट करतो म्हणाले. तुला सांगितलं असतं तर तू उभी राहिली असतीस का?"

मी त्यांना दुसरी भाकरी वाढली.

१० डिसेंबर

खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते. आज दिवसभर माझ्या मनात होतं की गप्प बसावं. काही करायचंच नाही. काम राहील, यांची नोकरी पक्की होईल, आणि वरची सारजा पडेल. ती पडलेली मला बघायला आवडेल, असंही एकदा वाटलं. मग चपात्या लाटताना सारखं एकच डोळ्यापुढं येत होतं, मी ऑफिसात शिरते आणि साहेब उठून उभे राहतात. ते माझ्यासाठी उठलेच नव्हते. त्याची लाज वाटते आणि रागही येतो. आज राग जास्त आहे.

११ डिसेंबर

वरच्या वस्तीवर गेले. सारजा शेळ्यांना पाला टाकत होती. बस म्हणाली नाही.

"आता काय न्यायला आलीस? नाव तर नेलंस."

मी म्हणाले, "मला म्हाईत न्हवतं."

"सगळ्या गावाला म्हाईत व्हतं, तुलाच न्हवतं?"

"व्हय. मलाच न्हवतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. बहुतेक तिला ते पटलं. मी विचारलं, मशीनवरून माझं नाव काढता येईल का. ती म्हणाली, "मुदत गेली. आता देवालाबी काढता येणार न्हाय."

"मग मी दारोदार जाते. सांगते, मला मत देऊ नका म्हणून."

ती आधी हसली. मग हसायची थांबली. "तुझ्या कामाचं?"

"जाईल."

"आन् भीमरावांचं?"

"ते त्यांचं त्यांनी बघावं. त्यांनी तरी मला कुठं इचारलं?"

तिनं पाल्याची पेंडी खाली ठेवली, घरात गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. सव्वीस वर्षांत तिच्या घरचं पाणी मी पहिल्यांदा प्यायले.

१२ डिसेंबर

वरची सारजा आणि फरजाना बरोबर होत्या. आज तीस घरं झाली. माझं म्हणणं एवढंच, "मी सारजा खरात, किटलीवाली. मला मत देऊ नका. हिला द्या, ही सारजा खरात, कपबशीवाली." पहिल्या घरात माझी जीभच वळेना. कोणी दारात येऊन असं सांगितलेलं लोकांनी ऐकलेलं नाही. तालमीजवळची पोरं खदाखदा हसली. एकजण म्हणाला, "मावशी, प्यालीस का काय?"

प्रयागबाईकडं मात्र फसलो. म्हातारीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय की, चहाला द्यायचं. पर चहा किटलीतनंच येतो ना गं?" आम्ही तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा ती किटलीवरच आली. फरजाना म्हणाली, उद्यापासून पिशवीत खरी कपबशी ठेवा. तोंडानं सांगण्यापेक्षा हातात द्या.

१४ डिसेंबर

मेसमधून काढलं. वॉर्डनबाई खाली मान घालून म्हणाल्या, "तुम्ही काही दिवस सुट्टी घ्या." पोळपाट संस्थेचा, लाटणं माझं. ते घेऊन आले.

कपबशीचा उपयोग होतोय. मी कप बशीवर ठेवून म्हातारीच्या हातात देते आणि म्हणते, "बशी दिसंल तितंच दाबायचं." प्रयागबाईनं आज बशी दोन्ही हातांनी धरली, बोटानं तिची कड चाचपली आणि म्हणाली, "आता कळलं. खाली ताटली हाय ती."

लोक आता हसत नाहीत. दारात उभं करून ठेवत नाहीत, आत बोलावतात. आज खालच्या आळीत वीस बायका जमल्या तेव्हा मी भुकटीचं बोलले. लहान पोरांचा खोकला, पत्र्यावरची राख, आणि आता गायरानात दुसरा क्रशर येणार आहे ते. सरपंच नरसाळ्यांचाच झाला तर ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला घरच्या घरी मिळेल. मी एवढं बोलेन असं मला वाटलं नव्हतं. सारजानं मध्येच स्वतःचं बोलणं थांबवून मलाच बोलू दिलं. येताना म्हणाली, "तुला खरंच उभं केलं असतं तर मला जड गेलं असतं."

हे वाक्य मी दहा वेळा मनात म्हणून पाहिलं.

१५ डिसेंबर

डेअरीपाशी यशराजसाहेबांची गाडी थांबली. काच खाली झाली. "सारजाबाई, तुम्हाला उभं आम्ही केलं होतं."

उभं तुम्ही केलंत, चालायला मी लागले, असं म्हणायला पाहिजे होतं. ते मला घरी आल्यावर सुचलं. तिथं मी नुसती उभी होते. पण मी बाजूला झाले नाही. रस्ता अरुंद आहे, गाडीलाच मागं जावं लागलं.

यांना क्रशरवर बोलावून विचारलं म्हणे, बायको आवरत नाही का. यांनी काय उत्तर दिलं ते मला सांगितलं नाही. काम अजून आहे.

१८ डिसेंबर

मतदान झालं. मशीनवर माझं नाव बघितलं. छापलेलं, सरळ, दोन नंबरला. बोट तिथंच थांबलं. कोणाला कळलं असतं? मग एक घर वर सरकवलं आणि दाबलं.

प्रयागबाई बाहेर आली ती लांबूनच मला म्हणाली, "ताटलीला दिलं गं." पोलिसानं तिला गप्प केलं.

यांनी मत दिलं. कोणाला ते मी विचारलं नाही.

२० डिसेंबर

इंदापूर. मतमोजणी. अंगावर अजून गुलाल आहे, पानालाही लागेल.

आमच्या गावाची पाळी साडेअकराला आली. उमेदवार म्हणून मला आत बसायला खुर्ची होती. एका बाजूला सारजा, दुसऱ्या बाजूला श्रेयावहिनी. त्या माझ्याकडं एकदाच बघून म्हणाल्या, "तुम्हाला हे सगळं कोणी शिकवलं?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं असं वाटलं. मी म्हणाले, "कोणी न्हाय." त्यांनाही उभं राहायचं होतं का, हे त्यांना कोणी विचारलं असेल का कोण जाणे.

अधिकाऱ्यांनी वाचलं. "खरात सारजा भगवान, कपबशी, सहाशे बत्तीस."

सारजानं माझं मनगट धरलं.

"खरात सारजा भीमराव, किटली, नऊ."

मग मागच्या जाळीपलीकडं आमची माणसं जी ओरडायला लागली ती थांबेनात. अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून बघितलं. नऊ मतांना कोणी टाळ्या वाजवलेल्या त्यांनी पाहिल्या नसाव्यात.

"नरसाळे श्रेया यशराज, कपाट, सहाशे आठ."

चोवीस मतांनी सारजा सरपंच झाली. तिची आणखी पंचवीस जरी चुकून मला पडली असती तरी ती गेली असती. तिनं तिथंच मला मिठी मारली, आणि दोघी रडलो ते बाहेर येईपर्यंत. बाहेर फरजानानं पहिला गुलाल मला लावला. सारजाला दुसरा. माझी अनामत जप्त झाली असं एकानं वाईट वाटून सांगितलं. मी म्हणाले, होऊ दे, ती नरसाळ्यांनी भरली होती. त्यावर टेम्पोतली सगळी माणसं गाव येईपर्यंत हसत होती.

ही नऊ माणसं कोण असतील? फरजाना म्हणते, चुकून दाबलं असेल. तसंच असेल. पण एखाद्यानं तरी जाणूनबुजून, माझ्यासाठीच दिलं असेल, असंही वाटतं. एखाद्यानं.

५ जानेवारी

भिगवणच्या मासळीच्या हॉटेलवाल्यानं रोजच्या दोनशे भाकरी सांगितल्या. ज्वारीच्या, हातावर थापलेल्या. फरजानाचा भाऊ रसूल सकाळी टेम्पो घेऊन तिकडं जातोच, तो नेणार. खालच्या आळीतल्या चौघी माझ्याबरोबर आहेत. आज पहिल्या दिवशी एकशे ऐंशीवरच पीठ संपलं, पण हॉटेलवाल्यानं उद्यासाठी अडीचशे सांगितल्या.

हे अजून क्रशरवर जातात. रोजंदारीवरच.

२६ जानेवारी

आज ग्रामसभा झाली. एरवी तीस-पस्तीस माणसं येतात, बाकीच्यांच्या सह्या घरोघर जाऊन घेतात. आज सतरंज्या पुरल्या नाहीत. अडीचशेच्या वर माणूस होतं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, क्रशरवरची माणसं तिसऱ्या ओळीत एकत्र बसलेली. हे त्यांच्यात.

विषय गायरानातल्या दुसऱ्या क्रशरचा. यशराजसाहेब वीस मिनिटं बोलले. रोजगार, रस्ते, विकास. चांगलं बोलतात ते. मग सरपंच सारजानं विचारलं, "आणखी कुणाला बोलायचंय?"

कोणी उठेना. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, पण मला कळलं.

मी उठले. म्हणाले, "साहेब म्हणतात ते खरं हाय, क्रशरवर चाळीस माणसं कामाला हायेत. माझ्या घरातलाच माणूस हाय. पर गावात शाळा तुमची, दूध तुमचं, पतसंस्था तुमची, एक क्रशर तुमचा. गायरान तेवढं आमचं हाय. गुरं तिथंच चरतात. तेवढं एक ऱ्हाऊ द्या." आणखी दोन मुद्दे ठरवले होते, ते आठवले नाहीत. खाली बसले.

सारजा म्हणाली, "दाखला द्यायचा, त्यांनी हात वर करा." पुरुषांच्या बाजूला हात वर झाले, तिसऱ्या ओळीतही बरेच. ग्रामसेवकांनी मोजले, बावन्न. यांचा हात मांडीवरच होता. मला वाटलं, घाबरून कुठंच वर करणार नाहीत.

"द्यायचा न्हाय, त्यांनी करा."

बायकांची बाजू एकदम उठली. पुरुषांच्या बाजूला कोणी हलेना. साहेब त्यांच्या समोरच खुर्चीत बसले होते आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. तेवढ्यात तिसऱ्या ओळीतून एक हात वर आला. आधी खांद्याएवढा, मग पूर्ण. खडीनं सोललेली बोटं, मनगटाला काळा दोरा. तो हात मला ओळखायची गरज नव्हती. हे साहेबांकडं बघत नव्हते, माझ्याकडंही नाही. समोर बघत होते.

त्यांच्या शेजारच्यानं त्यांच्याकडं बघितलं आणि हात वर केला. मग मागच्या ओळीत दोन. मग भिंतीपाशी उभी असलेली माणसं. ग्रामसेवक मोजत मोजत दीडशेपर्यंत गेले आणि चुकले. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. त्यांची मोजदाद संपेपर्यंत एकानंही हात खाली घेतला नाही.